अंदाजे

मे महिना. सिव्हिल लाइन्समधलं भूजलाचं ऑफिस.
कूलरच्या वाळ्याचा ओला वास
माझ्या टेबलापर्यंत पोचेस्तोवर सुकायचा.
समोर हेडाऊ साहेबांचा कॅल्क्युलेटर,
प्रोग्रॅम लिहिता येणारा, पोटाला रबरबँड,
कारण बॅटरीचं झाकण
उमरेडच्या दौऱ्यात कुठंतरी पडलं.

आठ ओळी, बारा रकाने.
आठ गावांच्या विहिरी, बारा महिने,
पाणी जमिनीपासून किती मीटर खाली,
एका घरात एकच आकडा.
शहाण्णव आकडे मी बोटानं आत ढकलले,
मधेच चहा आला, मधेच लाइट गेली,
एकेचाळिसाव्याला चुकले, पुन्हा मोजत आले.

वरून पत्र होतं: वार्षिक तक्त्यातला ११.४
हा कोणत्या गावचा, कोणत्या महिन्याचा, कळवावे.

प्रोग्रॅम सोपा. सतरा ओळींचा.
पहिलं दार वाजव. अकरा दशांश चार इथंच राहतात का?
नाही, तर शेजारचं.
गल्ली संपली की खालची गल्ली.
सगळ्या गल्ल्या संपल्या की शून्य दाखव
आणि गप्प बस.

पडद्याच्या कोपऱ्यात काळा ठिपका धावला,
बराच वेळ धावला.
०

मग मी डोळ्यांनी शोधलं.
सहावी ओळ, पाचवा रकाना: ११.४
ढळढळीत. पाटी लावून बसलेला.
पुन्हा चालवलं.
०
दारात चपला, आत दिवा,
आणि आतून आवाज की घरी कोणी नाही.

साहेब मागं येऊन उभे. हातात बशी.
"काहून वो पराते,
आकडा पाहून रायल्या का आकड्याचा फोटो?"
आणि एका बटणानं
दशांशाची बाही कोपरापर्यंत वर सरकवली:
११.४०४६

सदतीस फूट पाच इंच. फुटाच्या टेपनं मोजलेले,
आपण मीटर केले, पडद्यानं शेपूट दुमडली.
मी मागत होते अगदी तोच,
आणि अगदी तोच
त्या शहाण्णव घरांत कोणीच नव्हता.

"बरोबर का, असं इचारू नका त्याले.
फरक किती, असं इचारा.
थोडा असन, तर म्हणा हाच."

थोडा म्हणजे ०.०५ लिहिलं.
ठिपका जेमतेम धावला आणि थांबला:
तिसरी ओळ, चौथा रकाना. कुही. एप्रिल.
पहिला जवळचा भेटला आणि शोध संपला,
सहाव्या ओळीपर्यंत कोणी गेलंच नाही.
साहेब हसले नाहीत. मीही नाही.
दोर आवळला, ०.००५ केला.
आता पाचगाव. मे.

पण दोर नक्की किती सैल ठेवायचा,
हे कुठल्या पुस्तकात असतं?

रजिस्टर काढलं. निरीक्षक डोमाजी शेंडे,
बॉलपेन, तिरकं अक्षर:
"३७ फूट ५ इंच, अंदाजे.
बाई पाणी भरत होती. थांबलो."
मला आठवलं, भरताना
हा शब्द मी सोडून दिला होता.
त्या घरात फक्त आकडे मावतात.

शुक्रवारी डोमाजी पगारी हजेरीला आले,
दुपट्टा डोक्याला, कांदा खिशात.
मी विचारलं, काका,
तुमच्या त्या मापात किती इकडंतिकडं धरू?

त्यांनी कॅल्क्युलेटर उलटा करून रबरबँड पाहिला,
माठातलं पाणी प्यायले, गिलास पालथा घातला.

"आता बाई किती भरून रायली,
त्याच्यावर हाय ना ते."